कोपराच्या टोकापासून सुरुवात: मानवी सांगाडा कसा शिकावा

डावा हात कोपरात वाकवा आणि उजव्या हाताची तर्जनी डाव्या कोपराच्या मागच्या टणक टोकावर ठेवा. आता बोट न उचलता, हाडाची कड चाचपत, करंगळीच्या बाजूने मनगटाकडे सरकत जा. वाटेत स्नायूंचा जाड थर कुठेही आडवा येत नाही. कातडीच्या लगेच खाली एक सलग कड लागत राहते आणि मनगटाशी, हाताच्या पाठच्या बाजूला, एका गोल उंचवट्यापाशी ती संपते. अल्ना हे हाड तुम्ही आत्ता जवळजवळ संपूर्ण लांबीभर तपासले. त्याचे वरचे टोक जाड असते, खालचे निमुळते असते आणि ते करंगळीच्या बाजूला असते, या तीन गोष्टी आता वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

सांगाडा शिकण्याची खरी वाट माझ्या मते हीच आहे: आधी हात, मग डोळे आणि नावांची यादी सर्वांत शेवटी. शिकणारे बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात, आणि मीही तेच केले होते. मनगटातील आठही हाडांची नावे मला क्रमाने घडाघडा म्हणता येत होती. पण पहिल्या तोंडी परीक्षेत एक रेडिअस, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, हातात देऊन, हे उजव्या बाजूचे की डाव्या बाजूचे, एवढेच विचारले गेले आणि मला उत्तर देता आले नाही. नाव ठाऊक असणे आणि हाड ओळखीचे असणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या दिवशी कळले. पुढे जे लिहिले आहे ते हे अंतर लवकर कमी व्हावे म्हणून.

२०६ या आकड्याची फोड

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे मोजली जातात. हा आकडा नुसता लक्षात ठेवण्यापेक्षा तो कसा तयार होतो हे एकदा कागदावर मांडून पाहावे, कारण त्या मांडणीतच संपूर्ण सांगाड्याचा नकाशा हाती येतो. शरीराच्या मधल्या आसाभोवती असलेल्या अक्षीय सांगाड्यात ८० हाडे असतात: कवटी व चेहरा मिळून २२, दोन्ही कानांतील इवलीशी ६, गळ्यातील कंठिकास्थी १, पाठीच्या कण्यातील २६, बरगड्या २४ आणि छातीच्या मध्यभागी असलेली उरोस्थी १. हातपाय आणि ते धडाला जोडणारी हाडे मिळून उरलेली १२६ होतात. त्यांत प्रत्येक हाताची ३० आणि प्रत्येक पायाची ३० अशी १२० हाडे आहेत. खांद्याची चार, म्हणजे दोन जत्रुके (गळ्याखालची आडवी हाडे) व दोन अंसफलक (पाठीकडची खांद्याची पाती), आणि कमरेची दोन. याचा अर्थ असा की एका बाजूचा हात आणि पाय नीट शिकला, तर दुसऱ्या बाजूची साठ हाडे निराळी शिकावी लागत नाहीत, आणि २०६ ही संख्या वाटते तेवढी भीतिदायक राहत नाही.

मी ‘साधारणपणे’ म्हटले ते जाणीवपूर्वक. नवजात बाळात सुट्या हाडांची संख्या २७० ते ३०० च्या दरम्यान असते आणि वाढीच्या काळात त्यांतली अनेक एकमेकांना जुळून एक होतात. काही माणसांत मानेच्या मणक्याला जादा बरगडी असते, तर स्नायूंच्या कंडरांमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागांत) तयार होणाऱ्या वाटाण्यासारख्या हाडांची संख्या माणसागणिक बदलते. शिवाय हाड कशाला म्हणायचे यावरही मोजणी अवलंबून असते. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० दिली आहे आणि चरकसंहितेत ३६०, कारण तिथे दात मोजले आहेत, चरकाने तर नखेही धरली आहेत, आणि आज आपण ज्यांना कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) म्हणतो तीही सुश्रुताने ‘तरुण’ या नावाने हाडांतच घेतली आहे. कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक हे सुश्रुताचे पाच प्रकार आहेत. त्यांतील कपाल म्हणजे चपटी, वलय म्हणजे वळलेली आणि नलक म्हणजे नळीसारखी लांब हाडे, ही आकारावरून केलेली विभागणी आजही हाड पाहताक्षणी उपयोगी पडते.

आधी दिशा, मग नाव

हाडांचे वर्णन नेहमी एका ठराविक अवस्थेला धरून केले जाते: माणूस ताठ उभा आहे, नजर समोर आहे, हात बाजूला सरळ सोडलेले आहेत आणि तळवे पुढच्या दिशेला वळवलेले आहेत. तळवे पुढे असल्यामुळे अंगठा शरीरापासून दूर, बाहेरच्या बाजूला येतो आणि करंगळी आतल्या बाजूला. ही एक गोष्ट मनात पक्की झाली नाही, तर पुढचे प्रत्येक वर्णन उलटे वाचले जाते. पुस्तकांत मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचे, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून दूरचे, प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचे टोक आणि डिस्टल म्हणजे बोटांकडचे टोक. सुरुवातीचे दोन दिवस फक्त हे चार शब्द स्वतःच्या शरीरावर वापरून पाहण्यात घालवले तरी तो वेळ वाया जात नाही.

त्यानंतर कोणतेही हाड हातात आले की तीन प्रश्न विचारायचे. याचे वरचे टोक कोणते? पुढची बाजू कोणती? मध्यरेषेकडची बाजू कोणती? ही तीन उत्तरे मिळाली की हाड उजवे की डावे हे आपोआप ठरते. दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस किंवा भुजास्थी, हे या सरावासाठी सर्वांत चांगले. त्याचे अर्धगोल, गुळगुळीत डोके वर असते आणि ते मध्यरेषेकडे तोंड करून असते. खालच्या टोकाला एका बाजूला एक खोल खळगा दिसतो; हात सरळ केल्यावर कोपराचे टोक त्यातच जाऊन बसते, म्हणून तो खळगा मागे असलाच पाहिजे. डोके वर आणि आत, खळगा मागे, अशा रीतीने हाड स्वतःच्या दंडाशेजारी धरून पाहावे. ज्या दंडाशी ते जुळेल त्या बाजूचे ते हाड.

हात

सांगाडा शिकायला कवटीपासून सुरुवात करू नये असे माझे ठाम मत आहे. कवटी सर्वांत आकर्षक असते आणि सर्वांत गुंतागुंतीचीही. तिथे पहिल्याच आठवड्यात अडकलेला विद्यार्थी कंटाळतो. हातापासून सुरुवात करावी, कारण तो डोळ्यांसमोर असतो, हलवता येतो आणि दुसऱ्या हाताने तपासता येतो.

कोपरावर तीन बिंदू शोधा. दोन्ही बाजूंना ह्यूमरसचे दोन उंचवटे लागतात आणि मागे अल्नाचे टोक. हात सरळ असताना हे तीन बिंदू एका आडव्या रेषेत येतात. हात काटकोनात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. कोपराचा सांधा निखळला असेल तर हा त्रिकोण बिघडतो, आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले असेल तर तो बहुधा शाबूत राहतो, म्हणून डॉक्टर कोपराच्या दुखापतीत हे बिंदू आवर्जून चाचपतात. आतल्या उंचवट्याच्या मागून अल्नार ही नस जाते. तिथे आपटले की करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात त्या हाडाच्या नसून या नसेच्या असतात.

आता रेडिअस. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दोन बोटे ठेवा आणि तळवा वर-खाली फिरवा. तळवा वर असताना रेडिअस आणि अल्ना समांतर असतात. तळवा खाली वळवला की रेडिअसचे खालचे टोक अल्नाला वळसा घालते आणि दोन्ही हाडे एकमेकांवर तिरकी येतात, अल्ना मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. दोघांची रचनाही परस्परांच्या उलट आहे. अल्नाचे वरचे टोक मोठे, कारण कोपर मुख्यतः तिच्या आधारावर आहे. रेडिअसचे वरचे टोक छोट्या चकतीसारखे आणि खालचे रुंद, कारण मनगटाचा भार त्याच्यावर येतो. पडताना तळहात जमिनीवर टेकला की रेडिअसचे खालचे टोक इतक्या वेळा का मोडते, याचे उत्तर या रुंद टोकात आहे. परीक्षेत मला जे सांगता आले नव्हते ते हे: चकती वर धरावी, रुंद टोकाची गुळगुळीत, किंचित आत वळलेली बाजू पुढे आणि कंडरांच्या खोबणी असलेली खडबडीत बाजू मागे ठेवावी, मग खाली निघालेले टोकदार निमुळते हाड ज्या बाजूला येईल ती अंगठ्याची, म्हणजे बाहेरची बाजू.

मनगटातील आठ हाडे दोन ओळींत बसलेली असतात. अंगठ्याकडून करंगळीकडे जाताना पहिल्या ओळीत स्केफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल आणि पिसिफॉर्म, तर बोटांकडच्या ओळीत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. यांतील बहुतेक नावे आकारावरून पडली आहेत: स्केफॉइड होडीसारखे, ल्युनेट चंद्रकोरीसारखे, ट्रायक्वेट्रल तीन कोनांचे, पिसिफॉर्म वाटाण्यासारखे, हॅमेट आकडा असलेले. यांपैकी दोन तरी लगेच सापडतात. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये एक खळगी पडते. तिच्या तळाशी स्केफॉइड असते. पडल्यानंतर या खळगीत दाबून दुखत असेल, तर स्केफॉइड मोडल्याची शंका घ्यावी लागते, आणि ती गंभीरपणे घ्यावी लागते, कारण या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून होतो आणि मोडल्यावर उरलेला तुकडा रक्ताविना मरू शकतो. दुसरे म्हणजे पिसिफॉर्म. तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला, मनगट सैल सोडून दाबले की तो वाटाणा बोटाखाली थोडासा हलतो.

तळहातातील पाच हाडे आणि बोटांतील चौदा यांत अवघड काही नाही. अंगठ्यात दोन पेरे, इतर बोटांत तीन-तीन, एवढे ध्यानात ठेवले की चौदाचा हिशेब जुळतो.

पाय: हाताशी ताडून पाहा

पाय नव्याने शिकू नये, हाताशी तुलना करत शिकावा. दंडात एक हाड, मांडीत एक. कोपराखाली दोन, गुडघ्याखाली दोन. मनगटात आठ, घोट्याच्या भागात सात. पुढे पाच आणि चौदा. पायात जादा असते ती गुडघ्याची वाटी, म्हणून दोन्हीकडे बेरीज तीसच येते. एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते: कोपर पुढे वाकते आणि गुडघा मागे. गर्भावस्थेत हाताचा आणि पायाचा अंकुर विरुद्ध दिशांना वळतो, म्हणून असे होते. त्यामुळे अंगठ्याच्या बाजूच्या रेडिअसचा पायातील जोडीदार म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बाजूची टिबिया, ती मात्र आतल्या बाजूला असते.

मांडीचे हाड, फीमर, शरीरातील सर्वांत लांब हाड असून त्याची लांबी उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असते. त्याचे चेंडूसारखे डोके मध्यरेषेकडे आणि मागच्या बाजूने लांबवर गेलेली खडबडीत धार मागे, एवढ्या दोन खुणांवरून बाजू ठरते. टिबियाची पुढची कड म्हणजे आपली नडगी. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ती बोटाने तपासता येते. गुडघ्याखालचे दुसरे हाड, फिब्युला, बारीक असते, शरीराचा भार फारसा घेत नाही आणि स्नायूंखाली दडलेली असते. तिची दोन टोके मात्र हाताला लागतात, एक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडे खाली आणि दुसरे बाहेरच्या घोट्यावर. दोन्ही घोट्यांवर एकाच वेळी अंगठा आणि बोट ठेवून पाहा. आतला घोटा टिबियाचा आणि बाहेरचा फिब्युलाचा. बाहेरचा जरा खाली उतरलेला असतो, आणि त्यामुळेच पाऊल बाहेरच्या बाजूला सहज वळत नाही, आतल्या बाजूला मुरगळते.

पावलातील सात हाडांपैकी टाचेचे कॅल्केनिअस सर्वांत मोठे. त्याच्यावर बसलेल्या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो, तरी सगळ्या शरीराचा भार त्याच्यामार्फत पावलाला पोहोचतो.

कणा, बरगड्या आणि कंबर

मणके मोजण्यासाठी मान पुढे झुकवा. मानेच्या खालच्या भागात जो ठळक उंचवटा वर येतो तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. काहींमध्ये त्याच्या खालचा, छातीचा पहिला मणका अधिक ठळक असतो. तिथून खाली छातीचे बारा, कमरेचे पाच, मग पाच मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि सर्वांत शेवटी माकडहाड. सुटा मणका हातात आला तर तो कोणत्या भागातला हे सांगण्यासाठी मोठे वर्णन लागत नाही: दोन्ही बाजूंच्या फांद्यांमध्ये भोक असेल तर तो मानेचा, बरगडी टेकण्यासाठी गुळगुळीत जागा असतील तर छातीचा, दोन्ही नसून मणका दणकट असेल तर कमरेचा. मानेचे पहिले दोन मणके निराळे आहेत. पहिला, अ‍ॅटलस, नुसते कडे आहे. त्याला इतरांसारखे भरीव अंग नाही. दुसऱ्याला, अ‍ॅक्सिसला, दातासारखा सुळका आहे, आणि नकारार्थी मान हलवताना पहिला मणका कवटीसह याच सुळक्याभोवती फिरतो.

बरगड्या वरून मोजायला गेलात तर चुकाल, कारण पहिली बरगडी जत्रुकाआड दडलेली असते आणि हाताला नीट लागत नाही. गळ्याच्या पायथ्याशी असलेल्या खळगीतून उरोस्थीवर बोट ठेवून साधारण पाच सेंटीमीटर खाली या. तिथे एक आडवी कड लागते. तिच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी जोडलेली असते ती दुसरी. मोजणी इथून सुरू करावी. छातीवर स्टेथोस्कोप ठेवताना किंवा हृदयाच्या आलेखाच्या तारा लावतानाही हीच कड शोधली जाते. बारा जोड्यांपैकी वरच्या सात आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला मिळतात, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला जोडलेल्या असतात आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या असतात. पुरुषांत एक बरगडी कमी असते हा समज चुकीचा आहे. दोघांतही त्या बारा जोड्याच असतात.

कमरेवर हात ठेवून उभे राहिले की हाताखाली येते ती इलियमची कड. दोन्ही कडांचे सर्वांत उंच बिंदू जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी पाठीचा कणा ओलांडते, आणि पाठीत सुई घालून पाणी काढताना जागा ठरवण्यासाठी तिचाच आधार घेतात. कठीण खुर्चीवर बसून तळहात खाली घातले की टोचतात ती इस्कियमची टोके. इलियम, इस्कियम आणि प्युबिस ही लहानपणी तीन वेगळी हाडे असतात; किशोरवयात ती खुब्याच्या उखळीपाशी जुळून एकच हाड होते.

कवटी

कवटीची हाडे शिकताना मेंदूची पेटी आणि चेहरा असे दोन भाग करावेत. पेटीत आठ हाडे: कपाळाचे एक, डोक्याच्या माथ्यावरची पॅरायटल दोन, कानशिलाची टेम्पोरल दोन, मागचे ऑक्सिपिटल एक, आणि आत दडलेली स्फिनॉइड व एथमॉइड. पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या स्फिनॉइडला पेटीतील बाकीची सातही हाडे चिकटलेली असतात, म्हणून ते आधी सुटे पाहावे आणि मग अखंड कवटीत शोधावे. चेहऱ्याची चौदा: नाकाच्या वरच्या भागाची, अश्रूंची, नाकातील खालच्या शिंपल्यांची, गालांची, वरच्या जबड्याची आणि टाळूच्या मागच्या भागाची प्रत्येकी दोन, नाकाच्या पडद्यातील व्होमर एक आणि खालचा जबडा एक.

खालचा जबडा एकच आहे, हे वाक्य आज साधे वाटते. पण प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या लिखाणावर विसंबून तो दोन हाडांचा असल्याचे शतकानुशतके मानले जात होते, कारण गॅलेनचा अभ्यास प्रामुख्याने प्राण्यांच्या शरीरांवरचा होता. १५४३ साली शरीररचनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या व्हेसॅलिअसने माणसाच्या जबड्याकडे पाहून ती चूक दाखवून दिली. छापलेल्या मजकुरावर आणि हातातल्या हाडावर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, तर पुन्हा एकदा हाडाकडे पाहावे.

कवटी कधीही डोळ्यांच्या खोबणीत बोटे घालून उचलू नये. खोबणीच्या आतल्या भिंतीचे हाड कागदाइतके पातळ असते आणि एका बोटाच्या दाबाने फुटते. दोन्ही तळहातांत धरून, मेजाच्या वर, खाली मऊ कापड घालूनच ती हाताळावी. बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठीचा हाडांचा संच, खरा असेल तर त्यातले प्रत्येक हाड एका जिवंत माणसाचे होते. ते तसेच आदराने वापरावे आणि तसेच परत ठेवावे. प्लास्टिकची चांगली प्रतिकृती बहुतेक अभ्यासाला पुरते, फक्त तिच्यावरील बारीक खोबणी आणि छिद्रे पुष्कळदा बोथट असतात, तेव्हा त्यांच्यासाठी खरे हाड किंवा स्पष्ट छायाचित्र जवळ असावे.

रोजचा सराव

दिवसाला दोन-तीन हाडांहून अधिक घेऊ नयेत. प्रत्येक हाडाचे चित्र स्वतः काढावे, तेही हाड समोर ठेवून. चित्र सुंदर नसले तरी चालते, पण प्रत्येक उंचवट्यापुढे तिथे कोणता स्नायू ओढतो किंवा कोणता सांधा होतो हे लिहिलेले असावे. हाडावरचा खडबडीतपणा बहुधा ओढीची खूण असतो आणि गुळगुळीतपणा बहुधा सांध्याची, हे एकदा उमगले की वर्णने पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. सांध्याची दोन्ही हाडे एकत्र ठेवून पाहावीत: खुब्याची उखळ खोल आहे म्हणून तिथे स्थैर्य अधिक, खांद्याची उथळ आहे म्हणून तिथे हालचाल अधिक, आणि म्हणूनच खांदा जास्त वेळा निखळतो. आदल्या दिवशीची हाडे दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा पाहावीत.

आठवड्यातून एकदा सगळी सुटी हाडे कापडी पिशवीत घालून, डोळे मिटून एकेक चाचपावे आणि बाहेर काढण्याआधी नाव, वरचे टोक व बाजू सांगावी. या परीक्षेत जत्रुक अनेकांना चकवते, कारण त्याचे वळण लांबट नागमोडी असून दोन्ही टोके घाईत सारखीच वाटतात. चपटे टोक खांद्याकडे धरावे, जाड गोलसर टोक उरोस्थीकडे. गोलसर टोकाकडचा मोठा भाग पुढच्या बाजूला फुगलेला असावा आणि खोबण असलेली खडबडीत बाजू खाली असावी. मग डोळे उघडून ते हाड स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर ठेवून पाहावे: वळणे एकमेकांवर बसली नाहीत, तर बाजू चुकली आहे.